प्रशिक्षण चांगलं की वाईट
स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की पारोळ्याची ती सिस्टर आठवते. संशोधनासाठी साठवायचं रक्त घेताना माणसाची संमती कशी घ्यावी, याचं ऑनलाइन प्रशिक्षण तिनं घेतलं होतं, आणि ते कितपत उपयोगी पडलं हे विचारायला मी गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन, वीज गेलेली. "आधी लोक मुकाट हात पुढं करायचे," ती म्हणाली. "आता हे रक्त वर्षानुवर्षं ठेवणार, असं नीट सांगितलं की म्हणतात, मंग ऱ्हाऊ द्या ताई. नमुने घटले म्हणून साहेब मलाच बोलतात. तुम्हीच सांगा, प्रशिक्षण चांगलं की वाईट?" मी घाम पुसत माझ्या फॉर्मवर 'चांगलं' लिहिलं. आज पिंप्राळ्यातल्या लॅबमध्ये माझं रक्त तपासायला गेलो, तर तिथल्या मुलीनं कागद सरकवला, "इथं सही करा, काका." मी न वाचताच सही केली आणि मुकाट हात पुढं केला.