पाव हिश्श्याची खुंटी

कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं तेव्हा मी फळ्यावर रेघ ओढत होते. जळगावच्या आमच्या शाळेत टपाल मधल्या सुट्टीआधी येतं आणि शिपाई ते वर्गातच आणून देतो. कोपरा दिसला आणि वाचण्याआधीच कळलं, आपल्याकडचं कोणीतरी गेलं. चुलतभावाच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. नाना परवा सकाळी गेले, दम्याने. मी कार्ड टेबलावर पालथं घातलं आणि रेघ पुरी केली. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला एक, मधे तीन खुणा. पाव, अर्धा, पाऊण. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, पाऊण एकाला चिकटलं." खरंच चिकटलं होतं. मी ते पुसून पुन्हा काढलं.

नाना माझे सर्वांत धाकटे काका. सोनगीरजवळच्या आमच्या गावात ते मास्तर होते. अंगाने काटकुळे, राग कायम नाकावर आणि धोतराच्या सोग्याला खडूचा डाग. आई म्हणायची, यांचं धोतर नदीवर नेलं तर नदी पांढरी होईल. त्या काळी अपूर्णांक म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी घोकायची. नानाही घोकून घेत, कारण तपासणीला साहेब आले की तेच विचारत. पण घोकून झालं की आम्हांला शाळेच्या ओट्यावर नेत. तिथे खांबापासून दारापर्यंत चुन्याची रेघ होती. खांब म्हणजे शून्य, दार म्हणजे एक, मधे तीन आडव्या खुणा. नाना जुन्या पद्धतीने शून्याला पूज्य म्हणत. "तोंडाने पोपटही म्हणतो. तुम्ही पायाने सांगा," असं म्हणून ते एकेकाला रेघेवर चालायला लावत. खुणेवर पाय पडला की तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. चुकीच्या खुणेवर चुकीचं नाव घेणाऱ्याला उतरून पुन्हा खांबापाशी जावं लागे. दाराबाहेर अंगणातही रेघ पुढे गेली होती, तिथे सव्वा, दीड, पावणेदोन. मला दीडवर उभं राहायला फार आवडायचं. का, ते आजही सांगता येणार नाही.

रेघेची गोष्ट सांगायची तर आधी वावराची सांगावी लागेल. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या साली माझे वडील गेले. गावात झेंडा लागला तेव्हा आमच्या घरात सुतक होतं. वडील चार भावांत थोरले. पुढच्या उन्हाळ्यात वाटणी झाली. तिघे भाऊ एकत्र राहणार होते, फक्त आईचा पाव हिस्सा वेगळा काढायचा होता. मोजणी अर्थात नानांकडे आली, कारण घरात शिकलेले तेच. वय एकोणीस-वीस, मास्तरकी नुकतीच लागलेली. बांधाच्या कोपऱ्यावरच्या निंबापाशी त्यांनी पहिली खुंटी ठोकली आणि मोजणीचा दोर टाकत पुढे दर दोराला एकेक ठोकत गेले. बांध बरोबर सोळा दोर भरला. म्हणजे आईचे चार दोर. इथवर सगळं ठीक होतं.

मग हद्दीचा दगड रोवायचा म्हणून निंबापासून खुंट्या मोजायला घेतल्या. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं चालतं. दोन नंबरचे काका, आबा, यांनी निंबाजवळच्या खुंटीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मोठ्याने म्हणाले, "लाभ!" मागोमाग सगळे म्हणाले, "दोन... तीन... चार!" नानाही म्हणाले. चौथ्या खुंटीवर दगड रोवला गेला. आईच्या पदराला धरून मी खोबऱ्याचा तुकडा चघळत होते आणि मीही ओरडले होते. खळ्यावर पहिलं माप भरलेलं असतं, पण बांधावरची पहिली खुंटी रिकामी असते, तिथवर एक पाऊलही चाललेलं नसतं. हे त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईला चाराऐवजी तीन दोर मिळाले. शेवटच्या टोकाला बाभळीपाशी सोळावी नव्हे, सतरावी खुंटी होती, पण तिथपर्यंत मोजत जायची कोणाला गरज वाटली नाही.

दोन वर्षांनी मी नानांच्या वर्गात चौथीला होते. ओट्यावर ते म्हणाले, "सुमे, चार पाव म्हणजे एक. चार पाव चालून दार गाठ." मी खांबापाशी उभी राहिले आणि घरच्या सवयीने म्हणाले, "लाभ." मग दोन, तीन, चार. थांबले तर दार अजून एक खूण लांब. पोरं हसली. नानाही हसले. "अगं, पाऊणावरच थांबलीस की! लाभ कसला घेतेस? पूज्यावर उभी होतीस, अजून पाय उचलला नव्हतास." मला रडू आलं. हट्टाने मी म्हणाले, "मग वावरात तुम्ही पहिल्या खुंटीला लाभ कसं म्हटलं?"

नानांचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बस खाली." त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

दिवे लागायच्या आत ते आमच्या दारात आले. पायाला ढेकळांची माती होती. आई भाकरी थापत होती. "वहिनी, मी मोजामा चुकनू. तुमना वाटा कमी भरस," एवढंच म्हणाले. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मग ते आबांकडे गेले, पाठोपाठ आई गेली, आईमागे मी. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आबा वाईट माणूस नव्हते, पण हातात आलेली जमीन सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नारळाची आठवण करून देत म्हणाले, "देवनं नाव लिसन मोजेल शे. आते दगड हालनार नही." नाना म्हणाले, मी गावाला बोलावून सांगतो, चूक माझी. आबा हसले. "सांग ना. मास्तरले चार मोजता येत नही, आसं म्हनी गाव."

मला वाटत होतं, आता नाना बोलतील. वर्गात खडू फेकून मारणारा हा माणूस आता तरी चिडेल. ते खाली बघत राहिले. गावाला त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या सुगीला ते कापसाची दोन गाठोडी घेऊन आले तेव्हा आईने ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. "माले दान नको, नाना. मना दगड सरकावा." तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलली नाही. दहा वर्षं. समोरून आले की पदर ओढून बाजूला व्हायची.

मीही फार शहाणपणा केला नाही. मास्तरकीच्या ट्रेनिंगचा फॉर्म नानांनीच आणून दिला, मी तो सरकारी कागदासारखा घेतला. जळगावला निघाले तेव्हा धुळ्याच्या स्टँडवर ते पोचवायला आले होते. माझी ट्रंक टपावर चढवताना त्यांना धाप लागली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरांना आधी पूज्यावर उभं कर. घाई करू नकोस..." मी हो म्हणाले. एक पत्रही नंतर लिहिलं नाही. आता लिहावंसं वाटतं, तर पत्ता उरलेला नाही. आणि एक विचार मनातून जात नाही. मी त्या दिवशी ओट्यावर तोंड उघडलं नसतं तर आईला तीन दोर पुरले असते, आणि नानांना रात्रीची झोप लागली असती.

दहावं मला गाठता आलं नाही. तेराव्याला पोचले. पंगती उठल्या, उन्हं कलली, तशी आई म्हणाली, वावरात चल. दहा वर्षांत ती मला त्या बांधावर घेऊन गेली नव्हती. नांगरट झालेली होती. निंबापाशी ती थांबली. मग बांधाने चालू लागली. दगड आला, तोही तिने ओलांडला. पुढे एक दोर अंतर गेल्यावर, चौथा दोर पुरा होतो तिथे, वाकली आणि ढेकळांतून बाभळीची एक खुंटी उचलली. डोकं ठोकून ठोकून झुबकेदार झालेलं, टोक पुन्हा पुन्हा तासलेलं. हातभर असेल आधी, आता वीतभर राहिली होती.

"दर साली नाना गाडे," आई म्हणाली. "आबाना नांगर उपटे, हाऊ परत गाडे. माले दिखे."

मी विचारलं, "मग एकदा तरी बोलली का नाहीस त्यांच्याशी?"

"बोलीसन दगड सरकनार व्हता का?" ती म्हणाली. खुंटीची माती तिने पदराने पुसली. मग म्हणाली, "बोलाले पाहिजे व्हतं."

त्यांनी गाडलेलं ती पाहते, हे नानांना कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्यांचा दमा बरा झाला नसता, पण धुळ्याच्या स्टँडवर मान जरा वर असती, असं मला वाटतं.

"आते कोन गाडी?" आईने विचारलं. मी ढेकळांतला एक धोंडा घेतला आणि खुंटी जमेल तशी ठोकली. जमीन टणक होती, खुंटी वाकडी गेली. आईने ती हाताने सरळ केली, मग मी पुन्हा ठोकली.

याला पाच आठवडे झाले. पुढच्या उन्हाळ्यात नांगरट झाली की रजा काढून गावी जायचं आहे. खुंटी उपटलेली असेलच.