उभ्याचं टेबल

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्काला माहेरी आणायला दरसाल मीच जायचो. आखाजीची गौराई बसली की माय माझ्या मागे लागायची. अंगणातल्या निंबाला ती झोका बांधून ठेवायची आणि लेक आल्याशिवाय त्यावर कुणाला बसू द्यायची नाही. पंचावन्न साली मी चोपड्याहून गाडी जुंपून यावलमार्गे सावद्याजवळच्या अक्काच्या गावी पोचलो, तेव्हा आखाजी आठवड्यावर आली होती.

दारात अक्काची शेळी नव्हती. ओसरीवर मात्र एक भलंमोठं टेबल पाय वर करून पडलं होतं. त्याचे तीन पाय शाबूत होते, चौथा वाळवीने खाऊन टाकला होता.

"अक्का, शेळी कथी गई?"

अक्काने नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. माझं डोकंच फिरलं. दूध देणारी शेळी देऊन वाळवी लागलेलं लाकूड घरात आणणारा माणूस माझा दाजी आहे, हे कुणाला सांगायचीही चोरी.

दाजी म्हणजे अभिमन मिस्तरी. गावाचे सुतार. वखर, जू, गाडीचं चाक, सगळं त्यांच्याच हातचं. इकडचे सुतार बसून काम करतात. लाकूड जमिनीवर ठेवायचं, पायांनी दाबून धरायचं आणि हातांनी तासायचं. दाजींचे पायच त्यांचे दोन ज्यादा हात होते. आदल्या पावसाळ्यात जू तासताना वाकस निसटला आणि डाव्या पावलात घुसला. हळद भरून ते काम करत राहिले. जखम चिघळली आणि शेवटी जळगावला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय त्यांनी स्वतःच करून पाहिला, पण तो कापलेल्या पायाच्या खुंटाला लावला की जखम पुन्हा उघडायची. कुबडी घेऊन चालता यायचं, पण लाकूड धरणार कशाने? एका पायाखाली लाकूड फिरायचं. बसल्या जागी कितीतरी महिने दाजी नुसते हत्यारांना तेल लावत राहिले.

गावाने तोवर वाट पाहिली. पण गावाची सालभराची कामं आखाजीला ठरतात. तोतारामनाना पाटील दारात येऊन सांगून गेले होते, "अभिमन, गावाचं काम तुह्यंच हाये. पन आखाजीच्या आत माही नवी तिफन झाली पाह्यजे. नाही झाली त मंग दुसऱ्या गावचा सुतार पाहा लागीन. माह्यावर रुसू नको." नाना वाईट नव्हते. पेरणी कुणासाठी थांबत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग दाजींना ते टेबल आठवलं. जवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनात ते गोऱ्या साहेबाच्या काळापासून होतं. कमरेइतक्या उंच त्या टेबलाला एका अंगाला लोखंडी शिकंजा होता; दांडा फिरवला की लाकूड त्यात असं आवळलं जायचं की बैलाने ओढलं तरी हलू नये. पोरवयात दाजींनी ते पाहिलं होतं. जिनाचा रखवालदार ते फोडून चुलीत घालणार होता. दाजींनी त्याला शेळी दिली आणि टेबल आणलं.

"भाऊ, दोन दिवस थांब," अक्का मला म्हणाली. "टेबल उभं ऱ्हायनं का मी येस तुनासंगे."

थांबलो. राग गिळून थांबलो, कारण मोकळी गाडी घेऊन मायसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

टेबल नीट करायला खरं तर एक टेबल लागत होतं. दाजींनी चौथ्या पायासाठी अंजनाचं लाकूड काढलं. ते तासायचं तर धरणार कोण? अक्का त्याच्यावर बसायची, आणि दाजी तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावर वाकस चालवायचे. मला बघवायचं नाही. "हिचाबी पाय तोडता का आता?" असं मी एकदा ओरडलोदेखील. दाजी वाकस चालवतच राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. पायाला फळीत बसवायची कूस काढून झाली, तेव्हा पाण्याचा तांब्या अक्काने त्यांच्या तोंडाला लावला.

शिकंजा गंजून दगड झाला होता. मी तो डोक्यावर घेऊन अय्युब लोहाराकडे गेलो. अय्युबने तो घासलेटात बुडवून ठेवला, भट्टीत तापवला, ठोकला, शिव्या दिल्या. पेच सुटला तेव्हा त्याने दांडा गरागरा फिरवून दाखवला आणि पोरासारखा हसला. "मिस्तरीको बोल, अब इसके बापसे भी लकडी नहीं छूटेगी." मजुरी विचारली तर मलाच भट्टीबाहेर काढलं.

वरच्या फळीत जुने खिळे मोडून बसले होते. दाजींनी एकेक उपसून काढला आणि भोकांत लाकडाच्या खुंट्या मारल्या. जड फळीवरच बसून त्यांनी रंधा मारला, तेव्हा तेलाच्या काळ्या डागांखालून सागाचा रंग वर आला. आम्ही टेबल सरळ उभं केलं, काटकोन पाहायला गुण्या लावला. हलत नव्हतं, डुगडुगत नव्हतं. अक्काने त्याला हळदकुंकू लावलं. खरं सांगतो, माझा राग तेव्हा निम्मा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना तिफणीचं लाकूड घेऊन आले. मागे पाच-सहा बाप्ये आले. सुताराचं साहेबी टेबल बघायला कोण येणार नाही? अय्युबही आला. दाजींनी बाभळीचा ओंडका शिकंज्यात घातला, दांडा आवळला. ओंडका जागचा हलेना. लोक वाहवा म्हणाले. दाजींनी कुबडी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी रंधा धरला, आणि पुढे रेटला.

रंधा पुढे गेला आणि दाजी मागे पडले.

आम्ही उचललं. त्यांनी पुन्हा रंधा धरला, पुन्हा रेटला, पुन्हा कोलमडले. या खेपेला खुंट जमिनीवर आपटला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून एकाने तोंड फिरवलं. काखेत कुबडी घेऊन करावं, तर हात एकच उरत होता. मी त्यांना उंच घडवंचीवर बसवून पाहिलं. रंध्याला अंगाचा जोर लागतो, आणि घडवंचीवर एक पाय लोंबकळत बसल्या माणसाचा जोर बुडाखालीच राहतो.

आमच्यापैकी एकालाही हे आधी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? उभं राहून सुतारकाम करताना आम्ही जन्मात कुणाला पाहिलं नव्हतं. उभ्या माणसाला रंधा मारायला दोन पाय लागतात, हे त्या दिवशी कळलं.

"बठ्ठं केलं," दाजी जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले. "लाकडाले धराची सोय केली. मले कोन धरीन, याचा इचारच नाही केला." मग ते रडले, चारचौघांत, तोंड न झाकता. "करवत आन रे. याचे पाय कापतो. माह्यासारखंच करून टाकतो त्याले."

पाय कापून उपयोग नव्हता. शिकंजाच जमिनीला टेकला असता. पण त्यांनी खरंच करवत ओढली आणि अंजनाच्या नव्या पायाला लावली. नाना उठले. उपरणं झटकत म्हणाले, "राहू दे अभिमन. मी पाहतो दुसरीकडे."

तेवढ्यात अक्का आतून आली. गावात बाप्यांसमोर तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. तिने तो पदर कमरेला खोचला. नवऱ्याच्या हातातली करवत काढून घेतली, त्यांना काखेत धरून उभं केलं, आणि त्यांच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. पाय रोवले.

"मारा रंधा," ती म्हणाली.

"घरात जाय," दाजी पुटपुटले. "लोक पाहू राह्यले."

"पाहू द्या."

मी शरमेने मेलो. बहिणीने भर ओसरीवर, परक्या बाप्यांच्या देखत नवऱ्याला असं धरावं? ओरडणारच होतो. पण दाजींनी रंधा रेटला आणि ते पडले नाहीत. बाभळीचं लांबलचक सालपट वळून खाली आलं. पुन्हा रेटला. ते पुढे वाकले की अक्का पुढे वाकायची, ते मागे आले की ती सगळा भार अंगावर घ्यायची. अय्युब मान खाली घालून निघून गेला. नाना परत बसले, पण टेबलाकडे पाठ करून. मग त्यांचं पाहून सगळेच पाठ करून बसले. मी एकटाच पाहत होतो, आणि मला ते सहन होत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिफण झाली. नानांनी ती हाताने चाचपून पाहिली आणि सालभराचं काम दाजींना सांगितलं. दाजींच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि थकवा जास्त होता. अक्काला कंबर सरळ करता येत नव्हती. मी गाडी जुंपली. ती दाराशी आली. सकाळीच दोघं आपले वखर दुरुस्तीला टाकून गेले होते.

"माले जमाव नई, भाऊ. आज आखो दोन वखर वनात. मायले सांग."

मोकळी गाडी घेऊन मी आखाजीला घरी पोचलो. गल्लीत झोक्यांवर लेकी गात होत्या. माय आमच्या रिकाम्या झोक्याची दोरी धरून उभी होती. गावाचं काम दाजींकडेच राहिलं म्हटल्यावर तिने हात जोडले, मग विचारलं, "तं मंग तिले कसाले नई आनं?"

मला बोलून सांगता येईना. मी मायच्या मागे गेलो आणि तिच्या कमरेला मिठी मारून पाय रोवून उभा राहिलो. "आशी उभी ऱ्हास ती," मी म्हणालो. "तव्हय त्यासना हात चालस."

मायने माझे हात सोडवले. म्हणाली, "मंग ती पुढला सालले बी नई येस." आणि झोक्याची गाठ सोडायला लागली.