टाचेची जागा
रॉकेलचा वास आला की ती दुपार आठवते. बाबा गेल्यावर त्यांची मोटारसायकल बोळिंजच्या खाऱ्या हवेत कित्येक वर्षं नुसती उभी होती. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर पांढरट, खरबरीत झालं होतं. मी ते रॉकेलने धुतलं, दोन दिवस पॉलिश पेपरने घासलं, सातिवलीहून मशीनवर बफिंगची चकाकी देऊन आणलं आणि त्या दुपारी आईच्या हातात दिलं. तिने त्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. "गाडी चालवताना ह्यांची टाच घासायची ना, इथे खोलगट झालं होतं," ती म्हणाली. "कुठे गेलं रे ते?" मी ते खराब झालंय समजून सपाट केलं होतं. गाडी आता मी चालवतो. कव्हरवर टाचेची नवी खूण पडतेय, बाबांच्या खुणेपेक्षा बोटभर मागे.