नवरीच्या अंघोळीचा ड्रम

हळदीने पिवळे झालेले हात आणि त्यावर निळी पडलेली नखं. नोकरीत बरंच काही पाहिलं, पण ती नवरी आजही विसरता येत नाही.

तेव्हा मी डोंबिवलीत पोलीस निरीक्षक होतो. हॉस्पिटलमधून कळवलं की, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी हळदीची अंघोळ करून उठली आणि संध्याकाळी कोसळली. मी पोचलो तेव्हा ती बेशुद्ध होती, ओठसुद्धा निळे. पाठोपाठ पोलीस ठाण्यात निनावी फोन आला की वहिनीने उटण्यात काहीतरी कालवलं, नणंद-भावजयीचं पटत नव्हतं. लग्नघरात असा एखादा शहाणा असतोच.

वहिनीला चौकशीला आणलं. उटणं तिनेच लावलेलं, अंघोळही तिनेच घातलेली. जबाब घेताना ती रडली नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, विष मी घातलं असतं तर त्यात माझेच हात बुडवले असते का?"

तिचीही नखं निळसर होती. तिला तशीच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांना तोवर अंदाज आला होता. नायट्रोबेन्झिन, रंगाच्या कारखान्यांत लागणारं तेलकट रसायन. पाण्यात फारसं विरघळत नाही, तळाशी बसतं, कातडीतून आत शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. वास मात्र बदामासारखा गोड. अहो, तो वास घरातल्या सगळ्या बायकांना आला होता! उटण्याचा सुगंध समजून त्या खूश झाल्या होत्या.

म्हणजे दोष उटण्यात नव्हता, पाण्यात होता. नवरीला जुन्या पिंपातलं पाणी नको म्हणून घरच्यांनी हौसेने आंबिवलीच्या भंगारवाल्याकडून कारखान्यातून आलेला निळा ड्रम आणला होता. ड्रम पंचनामा करून जप्त केला, भंगारवाल्याला उचललं. गडी बधेना. सोड्याने धुतो, उन्हात वाळवतो, त्यातलं पाणी मी स्वतः पिईन, हे एकच पालुपद. वैतागून मी त्याला मागे जाऊन तोंड धुऊन यायला सांगितलं.

ठाण्याच्या मागच्या अंगणात आमचा पाण्याचा ड्रम होता. तोही निळाच. हवालदाराने तांब्या पुढे केला तसा हा मागे सरकला. त्याला घाम फुटला होता.

"साहेब, हा पण माझ्याकडचाच आहे. कुठल्यात काय होतं, मला पण माहीत नाही."

सकाळी मी त्याच पाण्याने तोंड धुतलं होतं. लगेच भोंगा लावून वस्त्यावस्त्यांतून फिरलो आणि त्याने विकलेले ड्रम गोळा केले. भरलेलं पाणी ओतायला लावतो म्हणून लोकांनी आम्हालाच शिव्या घातल्या.

मुलगी वाचली, वहिनीही बरी झाली. गुन्हेगार सापडला की काम संपलं असं मी नोकरीभर मानत आलो होतो. पुढे त्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. मांडवाच्या तोंडाशी हात धुवायला निळा ड्रम ठेवला होता. मी जागीच थांबलो, तर नवरीचा बाप समजूत घालत म्हणाला, "बिनधास्त धुवा साहेब. या वेळी वास घेऊन आणलाय."