काहिलीत पिळलेली लिंबं

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! तेव्हा घरात कोणी हसलं नव्हतं, ते तरी राहायला नको.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. राहात्याजवळ आमचं गुऱ्हाळ. मला मुंबईच्या केमिकल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. म्हणजे, वडिलांनी बसू दिलं तर! आबांचं एकच पालुपद, "तितं जाऊन काय शिकनार? आन् हितं चरकात ऊस कोन घालनार?"

त्या दिवसांत मी रासायनिक क्रियेच्या वेगाचा धडा वाचत होतो. क्रिया मंद असेल तर उत्प्रेरक घाला. कधीकधी थोडं आम्लसुद्धा पुरतं. झालं! इथं काहिलीत रस तासन् तास रटरटतोय आणि वेगाची कुणाला फिकीर नाही?

उलट आमच्याकडे गूळ रांधणारे गुळवे सखारामतात्या रसात चुन्याची निवळी ओतायचे. चुना म्हणजे आम्लाचा वैरी! मला तात्यांची कीव आली. हो, कीव!

"आबा, आज निम्म्या वेळात गूळ उतरवून दाखवतो. मग तरी जाऊ द्याल?"

"उतरव की. मग जा."

तात्या भाकरी खायला गेले आणि मी पाटीभर लिंबं काहिलीत पिळली.

तात्यांनी परत येऊन पाण्यात थेंब टाकून पाहिला. गोळी होईना. आणखी जाळ घातला. तरी होईना!

"ह्यात काय पडलंय रं?"

"लिंबाचा रस, तात्या. आता बघा वेग!"

"आरं, आंबूस रसाचा गूळ बसत न्हाई म्हनून तर चुना टाकतू आमी!"

अख्ख्या काहिलीची काकवी झाली. ढेप एकसुद्धा नाही! आई शेजारणींच्या कळशा भरत होती आणि मी तोंड लपवून पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर उदाहरण होतं: साखरेच्या पाण्यात आम्ल घालून तापवलं की साखर फुटते, मग ती नीट गोठत नाही. ते पान मी मुद्दाम सोडलं होतं. ऊसवाल्याच्या पोराला साखरेबद्दल पुस्तक काय शिकवणार!

इतक्यात आबांनी माझी ट्रंक आणून समोर आदळली.

"कपडे भर. मुंबईला आत्याकडं जा."

माझे डोळेच भरून आले. "आबा, खरंच परीक्षेला जाऊ देताय? पण तिला अजून तीन आठवडे आहेत."

"आसू दे. तू आजच नीघ. उद्या दुसरी काहील चढायची हाय."