दवाखान्यात चालणारा हात

“बाई, तुम्ही फकस्त एवढं सांगा. ह्ये सोंग हाय का खरं हाय?”

हुपरीचा जिनगोंडा माझ्या टेबलासमोर उभा राहून विचारत होता. आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे पेशंटही माना वळवून बघायला लागले. आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते त्याचे थोरले भाऊ, भूपालअण्णा, त्याच खोलीत खाली मान घालून बसले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी बसला नव्हता. बहुतेकांच्या लेखी मी ‘मालिशवाल्या बाई’. आणि कोल्हापुरात मालिश म्हटलं की तालीम. तिथल्या वस्तादापुढे माझी काय डाळ शिजणार! लोक आधी तिकडे जाऊन अंग रगडून घ्यायचे, मग निरुपाय झाला की माझ्याकडे यायचे.

अण्णाही तसेच आले. त्यांचा धंदा चांदीचा. हुपरीत घरोघर चालतो तसा, सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतच, कारखाना. अण्णा पैंजणाच्या कड्या जोडायचे. बारीक तारेची कडी दुसऱ्या कडीत अडकवायची आणि चिमट्यानं तिचं तोंड असं मिटवायचं की नखालाही लागू नये. हा हात त्यांचा गावात नावाजलेला. तोच मंद झाला. उजवा अंगठा थरथरायला लागला, सदऱ्याची बटणं लावायलाही बायको लागायची. आमच्या फिजिशियन डॉक्टरांनी निदान केलं, कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू केल्या आणि हातासाठी माझ्याकडे पाठवलं.

कंपवातात लोकांची एक ठरलेली समजूत असते. हात चालत नाही म्हणजे हातात ताकद नाही. मी पहिल्याच दिवशी अण्णांच्या हातात डायनॅमोमीटर दिला. मूठ आवळून दाबायचं यंत्र आहे ते, जोर लावाल तसा काटा पुढे जातो. अण्णांनी दाबलं आणि काटा असा गेला की माझ्या वॉर्डबॉयनं दाबून बघितलं, त्याचा तेवढा गेला नाही. मग मी त्यांच्यापुढे पेगबोर्ड ठेवला. हा म्हणजे भोकं पाडलेला लाकडी फळा. एकेक खुंटी उचलायची आणि भोकात बसवायची, मी हातात स्टॉपवॉच घेऊन बघायचं. इथे मात्र सगळं अडलं. खुंटी चिमटीत धरली की बोटं गोठायची. ताकद शाबूत, पण बोटांना निघा म्हटलं तरी निघायला उशीर. स्नायू थकत जातात ते नंतर, तेही थोडे. आधी जाते ती चपळाई.

गोळ्या लागू झाल्यावर काही महिन्यांत पेगबोर्डवरचा वेळ चांगला कमी झाला. मी खूश, डॉक्टर खूश. आणि आज जिनगोंडा पहिल्यांदाच भावाबरोबर आला आणि हे बघून त्याचं टाळकंच फिरलं.

“हितं बघा कसं चालतंय! आन् घरात? घरात येक कडी मिटत न्हाय ह्यांच्यानं. चांदी पुढं घिऊन निस्तं बसून ऱ्हात्यात. मी माणूस ठरवलाय. सोमवारपासनं तो ह्यांच्या जागेवर बसंल. अण्णांनी मळ्यात जाऊन बसावं. पण खोटं बोलून बसू नये.”

“अण्णा, तुम्ही सांगा की,” मी म्हटलं.

अण्णा हळू म्हणाले, “काय सांगू बाई? मला बी तसंच वाटाय लागलंय. हितं हात चालतोय, घरात चालत न्हाय. म्हंजे मीच खोटा असंन.”

मला काय संताप आला! माणूस आजारानं खचतो ते मी रोज बघत होते. पण हा माणूस स्वतःवरचाच विश्वास गमावून बसला होता. मी जिनगोंडाला फाडकन म्हटलं, “लाकडाच्या खुंट्या आणि चांदीची कडी एक असते का? उद्या परत या. चिमटा, तार, कड्या सगळं घेऊन या. इथेच करून बघू.”

मला खात्री होती की खरं नाजूक काम इथेही अडेल, म्हणजे जिनगोंडाचं तोंड बंद होईल.

दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं आले. अण्णांनी माझ्या टेबलावर फडकं पसरलं, कडीत कडी अडकवली, चिमटा धरला, थोडे थांबले आणि कडी मिटवली. मग दुसरी. मग तिसरी. पूर्वीच्या वेगानं नसेल, पण सफाईदार. जिनगोंडानं साखळी उचलून उजेडात धरली, नख फिरवून बघितलं आणि माझ्यापुढे टाकली.

“आता काय म्हंता?”

माझा डाव माझ्यावरच उलटला होता. अण्णांनी हात मांडीखाली घेतले, जणू त्या हातांनीच चोरी केली होती. “सोमवारपर्यंत कुणाला बसवू नका,” एवढंच मी कसंबसं म्हटलं. जिनगोंडा म्हणाला, “सोमवारपत्तूर. फुडं न्हाय.”

मी डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर कमी बोलायचे आणि तेही चष्म्यावरून बघत. म्हणाले, “घरी आणि इथे हात वेगळा चालतो. मग घरी आणि इथे काय वेगळं आहे ते शोधा. मला विचारून काय उपयोग?”

“म्हणजे हुपरीला जाऊ?”

“एसटी जाते की.”

रविवारी सकाळी गेले. सुट्टीच्या दिवशी पेशंटच्या घरी जाणारी मी काही थोर समाजसेविका नव्हे. पण अण्णांचे ते मांडीखाली घेतलेले हात काही डोळ्यांपुढून हलेनात.

घर स्वच्छ, जैनाचं. सोप्यात शेगडी, ऐरण, भिंतीकडेला अण्णांची बसायची जागा. त्यांच्या बायको चंपाबाई मला बघून इतक्या हरखल्या की आधी चहा की आधी पोहे तेच त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात म्हशीची धार काढून झाली. चंपाबाईंनी फेसाळलेल्या दुधाचा मोठा पेला भरला, अण्णांच्या हातावर गोळी ठेवली आणि पेला त्यांच्या तोंडाशी धरला. अण्णांनी गोळी त्या दुधाबरोबर घेतली. पेला रिकामा होईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

“रोज असंच?” मी विचारलं.

“तिन्ही वक्ताला. विंग्रजी औषध गरम पडतंय की. दुधाबिगर कसं द्यायचं? आन् हातात ताकद नको का यायला? ही म्हस मी त्यांच्यासाठनंच घेतलीया. लेकरावानी पाजती बघा त्यास्नी.”

मग अण्णा कामाला बसले. मी शेजारी बसून राहिले. अर्धा तास गेला, तास गेला. कडी चिमट्यात आणि चिमटा हवेत. कपाळावर घाम, अंगठा थरथरतोय, बोटं गोठलेली. मी त्यांना माझा हात दाबायला सांगितला तर बोटांची हाडं कळवळली. ताकद होती तशीच. जिनगोंडा दारातून बघत होता. ‘सोंग’ हा शब्द त्याच्या तोंडावर लिहिलेलाच होता.

“चंपाबाई, कोल्हापूरला येतात त्या दिवशी दूध कधी देता?”

“त्या दिशी कुठलं दूध? पैली गाडी धारंच्या आदी हाय. गोळी खिशात घालून जात्यात आन् ष्ट्यांडवर उतरून पाण्यासंगं घेत्यात. उपाशी जातंय वो माणूस. माझा जीव तुटतोय.”

मी पोहे खाल्ले आणि मिळेल ती गाडी पकडून परत आले. तशीच डॉक्टरांच्या घरी गेले.

“सर, लेव्होडोपाचा आणि दुधाचा काही संबंध आहे?”

“किती दूध?”

“म्हशीचं. मोठा पेला. प्रत्येक गोळीबरोबर.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग मला समजावून सांगितलं ते असं. लेव्होडोपाला आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला जो दरवाजा लागतो, तोच दरवाजा दुधातल्या प्रथिनांतून सुटणाऱ्या घटकांनाही लागतो. दोघं एकदम आले की बाजारच्या दिवशी एसटीच्या दारात होतं ते होतं. दुधाची माणसं घुसतात, गोळी खाली राहते. परदेशात हे लक्षात आलेलं होतं, त्यांनी वाचलंही होतं.

“मग आपण पेशंटला सांगत का नाही?”

“कारण पेशंट दुधाचं सांगत नाही आणि आपण विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळी पाण्याबरोबर, जेवणाच्या आधी. मळमळलं तर मूठभर चुरमुरे. दूध प्यायचंच तर दिवसाच्या शेवटी, सगळ्या गोळ्या झाल्यावर.”

सोमवारी दोघे भाऊ आले. मी सगळं सांगितलं, दाराचं उदाहरण देऊन सांगितलं. जिनगोंडाचा चेहरा पडला. अण्णांनी मात्र एकच विचारलं.

“म्हंजे मी सोंग करत न्हवतो?”

“नव्हता, अण्णा. अजिबात नव्हता.”

पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या खोलीत ढसाढसा रडला. जिनगोंडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “त्या माणसाला मी आजच नगं म्हणून सांगतो. जागा तुमची हाय, अण्णा.”

मी कागद पुढे ओढला. “आता घरी सांगा, दुधामुळे गोळी...”

“न्हाई बाई.” अण्णांनी डोळे पुसले. “तिला ह्ये सांगायचं न्हाई. पोटच्या पोरावानी पाजलंय तिनं. तिच्याच हातानं माझा हात बंद पडला म्हणून कळलं तर जेवायची न्हाई ती. तुम्ही सांगा, डाक्टरनी वेळ बदलली. येवढं सोंग करू द्या मला.”

मी जिनगोंडाकडे बघितलं. तो म्हणाला, “माझ्या तोंडातनं जायचं न्हाय.”

तर आम्ही तिघांनी मिळून ते ठरवलं. गोळ्या पाण्याबरोबर, आणि दूध संध्याकाळच्या धारेचं, तेही दिवस मावळायच्या आत, कारण जैनाघरी त्यानंतर काही चालत नाही. आठवड्याभरात अण्णा घरात कड्या मिटवायला लागले. दिवसभर नाही. गोळी चढली की दोन-तीन तास बरे, मग हात परत जड व्हायचा. आजार काही थांबला नाही. पुढे तो वाढतच गेला, तसा तो वाढतोच. पण पुढची काही वर्षं अण्णा आपल्या जागेवर बसले.

चंपाबाई एकदा त्यांच्याबरोबर दवाखान्यात आल्या. बाहेरच्या बाकावर बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, “डाक्टरनी दुधाची वेळ बदलून दिली आन् हात चालाय लागला बघा. म्हशीचं दूध, दिवस मावळायच्या आत. माझ्या म्हशीनं बरं केलं त्यास्नी.”

बायका माना डोलावत होत्या. जिनगोंडा खिडकीबाहेर बघत होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

मी पुढच्या पेशंटला आत घेतलं आणि हात बघायच्या आधी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेता?”