वयाची अट

मे महिन्याचा पहिला रविवार आमच्या घरी सण नव्हे, श्राद्ध नव्हे, तरी पाळावा लागतो. आदल्या संध्याकाळी माझ्या नणंदेचा मुलगा उन्मेष नाटे गावाहून एसटीने येतो, साळवी स्टॉपला उतरतो, चालत घरी येतो, पाय धुतो आणि विचारतो, मामी, बाजारातून काही आणायचं आहे का. दुसऱ्या दिवशी त्याची नीट असते. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. ती सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची असते. उन्मेष सत्तावीस वर्षांचा आहे आणि कानाजवळचे त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत.

माझं नाव नम्रता. ठेवणाऱ्याने माझा स्वभाव बघून ठेवलेलं नाही, हे आमचे हे, म्हणजे श्याम, येईल त्याला सांगत असतात. मी जिल्हा परिषदेत कारकुनी केली, त्यामुळे सरकारी परिपत्रक वाचून त्याचा अर्थ लावण्याचं काम अख्ख्या गोतावळ्याने माझ्या गळ्यात मारलेलं आहे. उन्मेषच्या प्रवेशाचं घोंगडंही असंच माझ्याकडे आलं. तो बारावी झाला ते वर्षच मुळात गोंधळाचं. सीईटी की नीट, यावर वर्तमानपत्रं रोज वेगळं छापत होती. पण बाकी कशात खोट नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी, सगळे विषय होते; पन्नास टक्के लागतात, पोराला चांगले पंच्याऐंशी होते. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातली, डोमिसाइल काढून ठेवलेलं. सतरा वर्षं पूर्ण हवीत, तीही होती. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. एकच गोष्ट कमी पडली, नीटचे मार्क. आणि तेही थोडक्यात.

थोडक्यात हुकलं ना की माणूस कामातून जातो. चांगला आपटला असता तर शहाणा झाला असता. त्या वर्षी आयुर्वेदाला मिळत होतं, पण थोडक्यातच तर राहिलंय, एक वर्ष थांबू, असं घरात ठरलं. कोणी ठरवलं म्हणाल तर कोणीच नाही. त्या घरात कोणी काही ठरवत नाही, आपोआप ठरतं. मग लातूरला एक वर्ष क्लास झाला. पुन्हा थोडक्यात. मग घरीच अभ्यास. दर वर्षी निकालावर ‘पात्र’ म्हणून येतं, आणि दर वर्षी सरकारी कॉलेजची शेवटची जागा त्याच्या अलीकडे संपते. खासगी कॉलेजची फी विचारायला गेलो होतो एकदा, ती ऐकून पाणीसुद्धा न पिता परत आलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्याचे वडील देवदत्त भावोजी. हायस्कूलमधून रिटायर झाले, आता घरची आंब्याची बाग बघतात. गरीब माणूस हो. वर्गात म्हणे त्यांनी कधी छडी उचलली नाही. घरात तर आवाजच नाही. ऐन एप्रिल-मेमध्ये बागेत गडी आंबे काढतायत, पडवीत पेट्या भरल्या जातायत, वाशीच्या बाजारात जाणाऱ्या गाडीची घाई, आणि आतल्या खोलीत उन्मेष पुस्तकात डोकं घालून बसलेला. तो बाहेर येऊन पेटीला हात लावायला गेला की चारी बाजूंनी, तू नको, तू अभ्यास कर. टीव्ही बंद. पाहुणे बंद. गणपतीत आरती हळू म्हणतात तिथे, शप्पथ. मी एकदा जोरात हसले तर मालिनीने, माझ्या नणंदेने, तोंडावर बोट ठेवलं. मी त्याच दिवशी संध्याकाळची गाडी पकडून परत आले.

तुम्ही म्हणाल, पोरगा आळशी असेल, परीक्षेच्या नावाखाली बसून खात असेल. तसं असतं तर मी कधीच कान धरला असता. तो घासतो. दमेपर्यंत घासतो, आणि दमल्यावरही. गेल्या वर्षीची गोष्ट. प्रवेशाच्या कागदांत एक फिटनेसचा दाखला लागतो, हा उमेदवार अभ्यासक्रमाला शरीराने योग्य आहे म्हणून डॉक्टरची सही. ह्यांच्याबरोबर तो दाखला घ्यायला गेला, तर खुर्चीत विनीत. बारावीला उन्मेषच्या शेजारी बसायचा. त्याने छाती तपासली, वजन घेतलं, सही केली, शिक्का मारला. दोघं अगदी नीट बोलले म्हणे, सरांची चौकशी, कोण कुठे आहे वगैरे. घरी येऊन उन्मेष म्हणाला, मामी, विनीतचा हात हलका आहे, चांगला डॉक्टर होईल. मला इतका राग आला! कोणावर ते अजून कळलेलं नाही.

तर आता वयाची गोष्ट. पूर्वी या परीक्षेला वरची मर्यादा होती, खुल्या वर्गाला पंचवीस. ती लावली तशी लोक कोर्टात गेले आणि तिचं भिजत घोंगडं पडलं. वय उलटलेल्यांनाही बसू देत होते, पण कोर्टाच्या निकालाच्या टांगत्या तलवारीखाली. उन्मेष तेवीस-चोवीसचा झाला तसे भावोजी माझ्याकडे वरचेवर यायला लागले. वहिनी, पंचवीस म्हणजे पंचविसावं लागलं की, की पंचवीस पूर्ण झाल्यावर? परीक्षेच्या दिवशी मोजतात की डिसेंबरला? कोर्ट काय म्हणेल हो? मी सांगायचे, ते मान हलवायचे, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटायचं, बिचाऱ्याला धास्ती बसलीय, पोराची संधी जाईल म्हणून. मी धीर द्यायचे. काळजी करू नका, उठवतीलही मर्यादा.

आणि उठवली की. उन्हाळ्याच्या तोंडाला बातमी आली, वरची वयोमर्यादा रद्द. कितीही वर्षांचे असा, कितीही वेळा बसा. नाट्याला मालिनीने देवापुढे साखर ठेवली, घरात पेढे आणले, आळीत वाटले. आणि भावोजी दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे हजर. मी कोकमाचं सरबत पुढे केलं आणि म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? त्यांनी पेला घेतला, खाली ठेवला, आणि ते रडायला लागले. सत्तरीला आलेला मास्तर माणूस, आमच्या कोचावर, चष्मा हातात धरून.

“मला वाटलं होतं वहिनी, सरकारच सांगेल त्याला,” ते म्हणाले. “मला नाही हो सांगता येणार.”

म्हणजे हा माणूस ती मर्यादा कधी एकदा येते याची वाट बघत होता. पंचवीस झाले की नियम म्हणेल, बाळा, बस झालं. बापाला म्हणावं लागणार नाही. पोराला अपयश आलं असं होणार नाही, वय झालं असं होईल, आणि वय काय, सगळ्यांचंच होतं. माझ्याकडून त्यांनी वचन घेतलं, कोणाला बोलायचं नाही, मालिनीला तर मुळीच नाही. मी दिलं. पुढे उन्मेष पंचवीस झाला, सव्वीस झाला, आणि दर मे महिन्यात मी त्याला भाकरी-भाजी वाढत राहिले आणि दात आवळून गप्प बसले. राग सगळा मालिनीवर. पेढे वाटते! ही बाई पोराला काठी टेकत परीक्षेला पाठवणार, असं मी ह्यांना म्हणायचे. हे म्हणायचे, हळू बोल, उन्मेष आत वाचतोय. म्हणजे तो रोग आमच्याही घरात आलाच.

या वर्षी रविवारी सकाळी तो लवकर आंघोळ करून बसला होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. बूट चालत नाहीत, पूर्ण बाह्या चालत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा आरपार दिसणारी हवी. हे खाली स्कूटर पुसत होते. उन्मेष प्रवेशपत्राची घडी उलगडत होता, पुन्हा घालत होता. मग आपणहून हसला आणि गेल्या वर्षीचा किस्सा सांगायला लागला. सेंटरच्या गेटवर पहारेकऱ्याने त्याला हात आडवा करून अडवलं होतं, आणि पालकांनी बाहेर सावलीत थांबा म्हणून सांगितलं होतं. तो सांगत होता गंमत म्हणून. मला काही हसू आलं नाही.

“उन्मेष, पुरे कर रे आता,” मी म्हटलं.

हे म्हणायला मी कोण? मामी. लग्न होऊन आलेली, परक्या घरची. पण कोणीतरी म्हणायला हवं होतं. वाटलं, आता हा चिडेल, निदान परीक्षेच्या दिवशी तरी असं बोलू नको म्हणेल. तो चिडला नाही. बाटली हातात होती ती त्याने टेबलावर ठेवली.

“मी पंचविशीची वाट बघत होतो, मामी,” तो म्हणाला. “वाटायचं, तोवर करायचं. मग नियमच आहे म्हटल्यावर कोणाला वाईट वाटायचं नाही. तर तो नियमच काढला. घरी गेलो तर आईने पेढे आणलेले. मी दोन खाल्ले.”

वचन गेलं खड्ड्यात. मी त्याला सगळं सांगितलं, तुझा बाप या इथे, तू बसलायस तिथेच बसून कसा रडला आणि काय म्हणाला. उन्मेष ऐकत राहिला. बाबा रडले, एवढंच त्याने एकदा विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. खालून ह्यांनी हाक मारली, निघायला हवं, गेट बंद होईल. मी खिडकीतून म्हटलं, थांबा जरा. आणि भावोजींना फोन लावून तो मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला.

मागे पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. भावोजींना वाटलं, पोर निघालं असेल, म्हणून आशीर्वाद द्यायला लागले. मी मध्येच तोडलं. सांगितलं की उन्मेष समोर बसलाय, त्याला मी सगळं सांगितलंय, आणि तोही पंचविशीचीच वाट बघत होता. आता तुमचं तुम्ही बोला. मला वाटलं, हा माणूस आताही सरकारची वाट बघणार.

“अरे, आज वाशीची गाडी भरायची आहे,” भावोजी शेवटी म्हणाले. “माणूस कमी आहे. येतोस?”

“मला त्यातलं काही येत नाही हो, बाबा.”

“ये. शिकवतो.”

एवढंच. उन्मेषने प्रवेशपत्र टेबलावरच ठेवलं, पिशवी भरली, माझ्या पाया पडला. ह्यांनी स्कूटर सेंटरऐवजी स्टँडकडे वळवली, आणि का म्हणून विचारलंसुद्धा नाही. सेंटर वाटेवरच लागतं. बाहेर पोरांची रांग होती, आया उन्हात छत्र्या धरून उभ्या होत्या, आणि उन्मेषने तिकडे बघितलं की नाही ते ह्यांना मागे वळून पाहता आलं नाही.

मला आनंद झाला असं म्हणाल तर नाही. सत्तावीस वर्षांचा बाप्या, हातात बारावीचं सर्टिफिकेट, आंब्याची डझनी, म्हणजे कुठला आंबा पेटीत किती डझन बसतो, तेही कळत नाही. त्याच्या वर्गातली पोरं कुठल्या कुठे गेली. एक वाक्य होतं, पुरे. एवढं बोलायला तीन शहाण्या माणसांना एवढी वर्षं लागली, आणि तेही बोललं कोण, तर मी. त्या सोज्वळपणाला काडी लावावीशी वाटली.

आणि मालिनीला सांगायचं राहिलंच होतं. भावोजी काही सांगणार नाहीत, उन्मेष दारात जाऊन उभा राहील आणि भलतंच होईल. तेव्हा मीच फोन घेतला, पदर खोचून, भांडायच्या तयारीने. तिला बोलू न देता सगळं ओकले. तो परीक्षेला बसलेला नाही, गाडीत बसलाय, यापुढे बसणार नाही, मी सांगितलं म्हणून थांबला, काय बोलायचं ते मला बोल, त्याला एक अक्षर बोलशील तर याद राख. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “मग उद्या पहाटे मी उठायला नको ना गो?”

मला कळेना. कशाला उठतेस म्हणून विचारलं. तर म्हणाली, चार वाजता, त्याला उठवायला, चहा द्यायला. मग तो वाचतो तोवर त्याच्यासमोर बसून राहते, त्याला झोप येऊ नये म्हणून. बारावीला होता तेव्हापासून.

मी म्हटलं, नको उठूस. तिने आणखी एकदा विचारलं, नक्की ना?